नरक्या : घाटमाथ्यावरचे झाड आणि कर्करोगाचे औषध

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम कडेने शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड आणि चंदगड या तालुक्यांतून सह्याद्रीची जी रांग जाते, तिच्या सदाहरित व निमसदाहरित रानांत नरक्या नावाचा लहानसा वृक्ष वाढतो. त्याच्या फुलांना उग्र दुर्गंध येतो आणि सागासारखे इमारती लाकूडही तो देत नाही. तरीही विसाव्या शतकातील कर्करोगोपचाराच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान आहे.

जॉन ग्रॅहम यांनी १८३९ मध्ये मुंबई व परिसरातील वनस्पतींची जी सूची प्रसिद्ध केली, तीत या झाडाची शास्त्रीय नोंद झाली. आज त्याचे मान्य नाव नोथापोडायटिस निम्मोनियाना असले, तरी जुन्या शोधनिबंधांत ते मॅपिया फीटिडा म्हणून आढळते. एकाच झाडाची अशी निरनिराळी नावे जुळवून त्याची ओळख निश्चित करणे हे वर्गीकरणशास्त्राचे काम असून, या पायाभूत कामावाचून औषधविज्ञानाला पुढचे पाऊल टाकता येत नाही.

ते पाऊल प्रथम अमेरिकेत पडले. मन्रो वॉल आणि मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी या रसायनशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीत तयार होणारे नायट्रोजनयुक्त संयुग, वेगळे करून त्याची रचना प्रसिद्ध केली. पुढे १९७२ मध्ये टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी तेच संयुग नरक्यात असल्याचे दाखवून दिले. रुग्णांवरील प्रारंभीच्या चाचण्यांत मूत्राशयाला इजा करणारे दुष्परिणाम दिसल्याने काम थंडावले होते. परंतु पेशीविभाजनाच्या वेळी डीएनएचा पीळ सैल करणाऱ्या टोपोआयसोमरेज-१ या विकराला हे संयुग अडवते, हे १९८५ मध्ये उमगल्यावर संशोधनाला नवी दिशा मिळाली. त्यातून सिद्ध झालेल्या टोपोटेकान आणि आयरिनोटेकान या औषधांना १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळून अनुक्रमे बीजकोशाच्या व मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर ती वापरात आली.

या यशाचा भार जंगलावर पडला. संयुगाचे प्रमाण लाकडात अत्यल्प असल्याने थोड्या द्रव्यासाठी पुष्कळ झाडे तोडावी लागतात. नुसते खोड तोडल्यास बुंध्याला फुटवे येतात; मुळासकट उपटलेले झाड मात्र कायमचे जाते. मागणी वाढल्यावर कोल्हापूर आणि सिंधुदुर्गच्या रानांत नरक्याची चोरटी तोड सुरू झाली. दाजीपूरचे जंगल १९५८ पासून गव्यांसाठी अभयारण्य होते, १९८५ मध्ये राधानगरी अभयारण्य म्हणून त्याचा विस्तार झाला आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटातील जागतिक वारसास्थळांत त्याचा समावेश झाला. परंतु नरक्या अभयारण्याच्या सीमेबाहेरही वाढतो, आणि तेथे त्याला असे संरक्षण नाही.

अशा वेळी स्थानिक संशोधनाचे मोल कळते. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठात वनस्पतिशास्त्राची परंपरा रुजली आणि २००२ मध्ये एस. आर. यादव व एम. एम. सरदेसाई यांनी कोल्हापूर जिल्ह्याची वनस्पतिसंपदा ग्रंथरूपाने नोंदवली. कोणती जात कोठे वाढते, याची अशी नोंद हाती असल्याशिवाय कोणत्या जातीची घट होत आहे, हेही सांगता येत नाही. झाड न तोडता संयुग मिळवण्याचे प्रयत्नही झाले : मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात नरक्याच्या ऊतिसंवर्धनावर, म्हणजे पेशी काचपात्रात वाढवण्यावर, काम झाले, तर नरक्याच्या आत वाढणारी एक बुरशी स्वतःच कॅम्प्टोथेसिन तयार करते, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले.

वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि रुग्णचिकित्सा यांचा इतिहास अनेकदा स्वतंत्रपणे लिहिला जातो; नरक्याने मात्र या तिन्ही शास्त्रांना एकमेकांवर अवलंबून ठेवले आहे. ज्या घाटमाथ्याने रुग्णाला औषध दिले, तेथे नरक्याची लागवड आणि राखण करणे ही त्या औषधाच्या संशोधनाचीच पुढची, अद्याप अपुरी राहिलेली पायरी आहे.