बारा सूर आणि खळीचा वास

मोबाइल खिशात ठेवा आणि खाली उतरा. 1923 चा वसंत, रविवार, व्हिएन्नाजवळचं मोड्लिंग. डोंगरात फिरायला निघालेल्या कुटुंबांनी ट्राम खच्चून भरलीय. कुणाचं कोपर तुमच्या बरगडीत, कुणाच्या टोपलीतल्या सॉसेजचा वास थेट नाकात.

बेर्नहार्डगासे, घर नंबर 6. दार उघडताच सिगारेटचा धूर डोळ्यांत जातो. मागोमाग कडक कॉफी आणि ओल्या खळीचा वास. संगीतकाराच्या घरी खळ? टेबलावर वाकून पुठ्ठा कापणारे ते ठेंगणे, टक्कल पडलेले गृहस्थ म्हणजेच आर्नोल्ड शोनबर्ग. वह्या स्वतः बांधतात, पत्ते स्वतः रंगवतात, आणि सुरांचा हिशोब ठेवायला कागदी पट्ट्याही स्वतःच करतात.

कुणीतरी पियानोवर त्यांच्या नव्या सूटमधले बारा सूर वाजवतं, प्रत्येक एकदाच. तुमचे कान सवयीनं षड्ज शोधतात. मिळायचा नाही, इथे बाराही सारख्याच मानाचे. मग हे सगळं सांधलंय कशानं?

मनगटावरचं घड्याळ बघा. पहिला सूर, ई, बारावर ठेवा. दर अर्ध्या सुराला एक तास पुढे. मालिकेतला तिसरा सूर तीनवर येतो, चौथा नऊवर, शेवटचा सहावर. आता मालिका पालथी घाला: सूर जितका वर जात होता तितकाच खाली न्या. तीनचे नऊ झाले, नऊचे तीन! जोडी तीच, नुसती अदलाबदल. बारा आणि सहा तर हललेच नाहीत. बारा सूर मांडायच्या 47 कोटी 90 लाख 1 हजार 600 रीतींमधून गृहस्थांनी ही उचललीय. वर शेवटचे चार सूर मागून वाचा: जर्मन नावांनी बी, ए, सी, एच. बाख! लबाडच म्हणायचे.

तुम्ही उत्साहानं आकडे बोलून दाखवता आणि समोर कपाळाला आठ्या पडतात. सूर मोजत बसलेलं त्यांना खपत नाही, ऐका म्हणतात. (पुढे प्रिन्स्टनमध्ये हेच मोजून शास्त्र उभं करणारा मिल्टन बॅबिट सध्या अमेरिकेत शाळकरी पोरगा आहे. इथे बोलू नका.)

तेवढ्यात पुठ्ठे बाजूला सरतात आणि शंभर घरांचा, चौघांनी खेळायचा, घरीच बनवलेला बुद्धिबळपट टेबलावर येतो. एक गडी कमी आहे. बसा.