हिंगण्याची वाट

१९०१ सालचा आषाढ. फर्ग्युसन कॉलेज सुटलंय आणि तुम्ही फाटकापाशी उभे आहात. गणिताचे प्राध्यापक अण्णा कर्वे बाहेर येतात. हातात छत्री, खांद्याला पिशवी. घर शहरात, पण पावलं वळतात उलट दिशेला. त्यांच्या मागोमाग चला.

एरंडवणं मागे पडलं की नुसती काळी माती. पाय घोट्यापर्यंत रुततो, उपसला की वहाण आतच राहते. तुम्ही वाकून ती चिखलातून ओढून काढता, तोवर अण्णा बांधापलीकडे पोचलेले असतात. वळून बघत नाहीत, थांबतही नाहीत. पिशवीत हिंगण्याच्या आश्रमाला लागणारा जिन्नस आहे, तो भिजता कामा नये.

तुम्हाला वाटेल, काय एकटा माणूस! पण ही वाट माणसांनीच पाडलेली आहे. एल्फिन्स्टन कॉलेजमधले सोबती गोपाळ कृष्ण गोखले यांनी बोलावलं, म्हणून १८९१ मध्ये अण्णा मुंबईहून पुण्याला आले. मुंबईचे स्नेही नरहरपंत जोशी यांची विधवा बहीण गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होती. १८९३ मध्ये अण्णांनी तिच्याशी लग्न केलं. त्यापायी त्यांच्या मुरूड गावानं त्यांच्यावर बहिष्कार घातला. ज्या गावासाठी त्यांनी मुरूड फंड उभा केला, तेच हे गाव. १८९६ मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम निघाला, आणि शहरात प्लेग फिरू लागल्यावर १९०० मध्ये तो इथं हिंगण्याच्या माळावर आला. जागा रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांची : सहा एकर, वर साडेसातशे रुपये. गोखले, जोशी, कर्वे... एकाच जातीतली ही माणसं. आश्रमाच्या मुलीही अशाच घरांतल्या. या वर्तुळाबाहेरच्या विधवेसाठी हे दार अजून उघडलेलं नाही, हे विसरून चालणार नाही.

आता आश्रमाच्या झोपडीत शिरा. सारवलेल्या जमिनीला ओल आली आहे. कंदिलाभोवती मुली पाट्या घेऊन बसल्यात. तुमच्या जवळची पदर घट्ट ओढून घेते. पदराखाली केस नाहीत. पेन्सिल मुठीत धरून ती हातच्याचा एक मांडते, पुसते, पुन्हा मांडते. अण्णा अंगरखा झटकतात आणि तिच्याच शेजारी मांडी घालतात. दिवसभर कॉलेजात शिकवलेल्या माणसाचा हा पुढचा तास. गणित चुकलेलं असतं. ते नुसते बोट ठेवतात आणि वाट बघतात. बराच वेळ. मग तिची पेन्सिल हलते.

बाया मात्र इथं नाहीत. गोदूबाईंना घरात बाया म्हणतात. रमाबाईंकडे सर्वांच्या आधी शिकायला गेलेल्या विधवांपैकी त्या एक; त्यांच्याइतकं या मुलींचं मन कोण ओळखणार? पण पुनर्विवाहित बाया इथं दिसल्या आणि आश्रम पुनर्विवाह लावून देतो असा संशय आला, तर आईबाप मुली धाडायचे नाहीत आणि वर्गणीही आटेल. त्यासाठी अण्णा विधवाविवाहाच्या मंडळातूनही बाजूला झाले. आश्रम जगला तो त्यामुळे, हे मला पटतं. तरी बायांना दूर ठेवावं लागलं, हे सलतं.

उद्या पहाटे अण्णांबरोबर परत निघा. फर्ग्युसनपाशी त्यांना सोडून तसेच शहरात जा. त्यांच्या घरी चूल पेटलेली असेल, मुलं उठत असतील, आणि बाया सगळं एकट्यानं आवरत असतील.