कागदाची वेस

मागच्या रविवारच्या अभ्यासवर्गात एका पोराने मला विचारलं, "काका, अमेरिकेत काळ्यांना घरं मिळत नव्हती म्हणता, म्हणजे नेमकं काय व्हायचं? मारायचे?"

मी म्हटलं, मारायचे. पण ते शेवटी. आधी कागद यायचा.

पोरगं हसलं. त्याला वाटलं म्हातारा कोड्यात बोलतोय. म्हणून हे लिहायला बसलो.

आधी माझं सांगून टाकतो. मी वरळीच्या बीडीडी चाळीतला. एका खोलीत आम्ही आठ माणसं. नोकरी लागली, लग्न झालं, आणि १९८४ साली उपनगरात ओनरशिपचा ब्लॉक बघायला निघालो. दलालाने ब्लॉक दाखवला. मालकाशी भाव ठरला. टोकन दिलं. मग सोसायटीच्या सेक्रेटरीने चहाला बोलावलं. आडनाव विचारलं, सांगितलं. गाव विचारलं, सांगितलं. मग म्हणाला, "गावात कुठल्या आळीला?" चहा यायच्या आत त्याला पाहिजे ते कळलं होतं. आठ दिवसांनी दलाल टोकन घेऊन परत आला. "साहेब, कमिटी एनओसी देत नाय. मालकाचा भाऊच घेतो म्हणतोय."

कोणी शिवी दिली नाही. दगड मारला नाही. ठरावाच्या वहीत काय लिहिलं ते मला कोणी दाखवलं नाही, आणि मीही मागितलं नाही. वही मागायला हवी होती, ही अक्कल मला पुढे अमेरिकेतल्या एका वस्तीचा इतिहास वाचताना आली. तो इतिहास असा.

दुसरं महायुद्ध संपलं. लाखो सैनिक घरी परतले आणि राहायला घरं नाहीत. विल्यम लेविट नावाच्या बिल्डरने १९४७ साली न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर बटाट्याच्या शेतांत वस्ती बांधायला घेतली. नाव लेविटटाउन. मोटारीच्या कारखान्यात मोटार सरकते आणि कामगार जागेवर असतो. इथे घर जागेवर आणि कामगारांच्या टोळ्या पुढे सरकत. एक पाया घालणार, दुसरी भिंती उभ्या करणार, तिसरी रंग देणार. १९५१ पर्यंत १७ हजारांवर घरं उभी राहिली. १९४९ साली नव्या घराची किंमत होती ७,९९० डॉलर. सैनिकांसाठी १९४४ साली कायदा झालेला, त्याच्या हमीवर कर्ज मिळायचं. ट्रक ड्रायव्हर, मास्तर, कारखान्यातला फिटर, असली माणसं भाड्याच्या पैशात हप्ता भरून घरमालक झाली. चांगलीच गोष्ट.

पण सुरुवातीच्या भाडेकराराच्या कागदात एक कलम होतं. गोऱ्या वंशाबाहेरच्या माणसाने या घरात राहायचं नाही, घर वापरायचं नाही. अपवाद एकच, घरगडी.

दोस्तहो, हे परत वाचा. काळी बाई भांडी घासायला चालेल, गोऱ्याची पोरं सांभाळायला चालेल. रात्री स्वतःच्या पोरांना घेऊन तिथे झोपायला चालणार नाही. आपल्याला हे कोणी शिकवायला नको. पाटलाच्या वाड्यात लाकडं फोडायला आपला आजा चालत होता, ओसरीवर बसायला चालत नव्हता. युद्धात काळे शिपाईही लढले होते. तेही त्या कलमाने बाहेरच.

लेविट म्हणायचा, मी घरांचा प्रश्न सोडवीन नाहीतर वंशाचा, दोन्ही एकदम जमणार नाही. काळ्याला घर विकलं तर गोरं गिऱ्हाईक येणार नाही, हा त्याचा हिशेब. पण हे एकट्या बिल्डरचं पाप नव्हतं. त्याच्यामागे सरकार उभं होतं. १९३३ नंतर एका सरकारी महामंडळाने शहराशहरांचे नकाशे रंगवले. उत्तम वस्ती हिरवी, बरी वस्ती निळी, उतरती वस्ती पिवळी, धोक्याची वस्ती लाल. काळ्यांची वस्ती बहुतेक लालच. १९३४ साली फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन निघालं. बँकेच्या घरकर्जाला हमी द्यायचं काम त्याचं. त्याच्या १९३८ सालच्या नियमपुस्तकात बिल्डरांना सल्लाच दिला होता की करारात वंशाची अट घाला, वस्ती मिसळू देऊ नका. बँक बघणार हमीकडे, हमी बघणार वंशाकडे. वस्ती काळी, तर कर्जाला हमी नाही. कर्ज नाही म्हणून दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही म्हणून भिंती पडल्या. मग म्हणायचं, बघा, हे लोक कसे राहतात!

या कागदाला आडवं गेलं सेंट लुइस शहरातलं एक काळं जोडपं, जे. डी. शेली आणि एथेल शेली. १९४५ साली त्यांनी घर घेतलं. त्या गल्लीतल्या मालकांनी १९११ सालीच आपापसात करार केलेला, ५० वर्षं इथे काळा माणूस येणार नाही. शेजारी कोर्टात गेले. खटला सुप्रीम कोर्टात पोचला, तेव्हा नऊपैकी तीन न्यायमूर्तींनी त्यात भागच घेतला नाही. उरलेल्या सहांनी ३ मे १९४८ रोजी एकमताने निकाल दिला. माणसांनी आपापसात करार केला तर केला, पण त्याच्या जोरावर कुणाला घराबाहेर काढायला सरकारचं कोर्ट हात देणार नाही. तरीही सरकारी हमी अशा करारांना फेब्रुवारी १९५० पर्यंत मिळतच राहिली. लेविटने ते कलम १९४९ साली काढलं. पण काळ्याला विकायचं नाही ते नाहीच. कागद गेला, वहिवाट राहिली.

दगडांची पाळी यानंतर आली. पेनसिल्व्हानियात लेविटने दुसरं लेविटटाउन बांधलं होतं. जवळजवळ साठ हजार माणसं, सगळी गोरी. ऑगस्ट १९५७ मध्ये बिल आणि डेझी मायर्स आपल्या तीन लेकरांना घेऊन तिथे राहायला आले. बिल सैन्यात राहून आलेला, डेझी कॉलेज शिकलेली. घर लेविटने विकलेलं नव्हतं. एका गोऱ्या मालकाने आपलं घर १२,१५० डॉलरला त्यांना दिलं. बातमी फुटली आणि संध्याकाळी दारात जमाव. शेकडो माणसं. खिडकी फुटली. दुसऱ्या दिवशी परत, तिसऱ्या दिवशी परत. गावचे पोलीस पुरेनात म्हणून राज्याचे पोलीस आणावे लागले. मागच्या रिकाम्या घरात टोळक्याने अड्डा केला, गुलामगिरीवाल्या दक्षिणेचा झेंडा लावला आणि रात्ररात्र मोठ्याने गाणी लावली. शेजारचं वेक्सलर कुटुंब ज्यू. ते मायर्सच्या बाजूने उभं राहिलं, तर त्यांच्या भिंतीवर क्लू क्लक्स क्लॅनची अक्षरं रंगवली. क्वेकर पंथाची माणसंही येऊन मायर्सच्या घरात सोबतीला बसायची. शेवटी राज्य सरकार कोर्टात गेलं आणि १९५८ साली त्रास देणाऱ्यांवर कायमचा मनाईहुकूम निघाला. मायर्स कुटुंब पळालं नाही. १९६१ पर्यंत तिथेच राहिलं. १९९९ साली तिथल्या मेयरने डेझीबाईंची जाहीर माफी मागितली. ४२ वर्षांनी. २०११ साली त्या वारल्या.

आता पैशाचं बघा, कारण आपली पोरं इथेच चुकतात. त्यांना वाटतं हा नुसता द्वेषाचा खेळ आहे. नाही. हा धंदा होता. शहरांत दलाल गोऱ्यांच्या गल्लीत एखाद्या काळ्या बाईला पैसे देऊन बाबागाडी ढकलत फिरवायचे. मग दारोदार जाऊन सांगायचे, काळे आले, आत्ताच विका, उद्या मातीमोल होईल. घाबरलेल्या गोऱ्याकडून स्वस्तात घ्यायचं, तेच काळ्याला दुपटीने विकायचं. काळ्याला बँक कर्ज देत नाही, म्हणून विक्री हप्त्याच्या करारावर. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घर दलालाच्या नावावर. एक हप्ता चुकला की घरही गेलं आणि भरलेले पैसेही गेले. शिकागोत क्लाइड रॉसने १९६१ साली असं घर २७,५०० डॉलरला घेतलं. विकणाऱ्याने ते थोड्याच महिन्यांपूर्वी १२,००० ला घेतलेलं. १९६८ साली अशा शेकडो कुटुंबांनी कॉन्ट्रॅक्ट बायर्स लीग काढली आणि हप्ते थांबवले. पोलीस सामान रस्त्यावर टाकायचे, ही माणसं परत उचलून आत नेऊन ठेवायची. कोर्टात ते हरले, पण बऱ्याच जणांचे करार बदलून घेतले.

गोऱ्या फिटरचं सात-आठ हजारांचं घर पुढे कितीतरी पटीने वाढलं. त्यावर त्याची पोरं कॉलेजात गेली. काळ्या फिटरकडे भाड्याच्या पावत्या राहिल्या. वेस फक्त माणूस अडवत नाही, त्याच्या नातवाची फीसुद्धा अडवते.

मार्टिन ल्यूथर किंगने १९६६ साली शिकागोत याच प्रश्नावर मोर्चे काढले, दगड खाल्ला. ४ एप्रिल १९६८ ला त्यांचा खून झाला आणि सात दिवसांनी, ११ एप्रिलला, घरविक्रीत भेदभाव बंद करणाऱ्या कायद्यावर सही झाली. ११ एप्रिल म्हणजे जोतीबांचा जन्मदिवस. योगायोगच, पण लक्षात ठेवा.

आपला या माणसांशी संबंध जुना आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला शिकले. १९१७ साली बडोद्याला नोकरीवर आले, तर राहायला जागा नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. १९४६ साली त्यांनी काळ्यांचे विचारवंत डुबॉइस यांना पत्र लिहिलं. १९७२ साली पँथर नाव आपण त्यांच्याकडूनच घेतलं. म्हणून जात आणि वंश एकच, असं मात्र म्हणू नका. काळ्याचा रंग दारातूनच दिसतो. आपला रंग सेक्रेटरीला चहा पाजून काढावा लागतो.

आणि आपल्याकडचा कागद? अहमदाबादच्या एका पारशी हाउसिंग सोसायटीचा पोटनियम होता, सभासद फक्त पारशीच. २००५ साली आपल्या सुप्रीम कोर्टाने तो पोटनियम चालेल असा निकाल दिला. पारशी समाज लहान आहे, त्याची भीती वेगळी असेल. पण या निकालाच्या आडोशाला उद्या कोण कोण उभं राहील, याचा विचार करा. त्यांच्या कोर्टाने १९४८ साली ज्या करारामागचा आपला हात काढून घेतला, तसल्याच पोटनियमावर आपल्या कोर्टाने ५७ वर्षांनी हात ठेवला.

शेवटची गोष्ट आपल्या घरातली. १९८४ नंतर आम्ही पंधरा जणांनी मिळून स्वतःची सोसायटी केली. बाबासाहेबांचा फोटो, बुद्धमूर्ती, सगळं. २०११ साली एक मातंग मास्तर तिथे ब्लॉक घ्यायला आले. कमिटीत आपलाच एक जण म्हणाला, "आपल्यातला बघू की. सुप्रीम कोर्टानेच परवानगी दिलीय ना?" माझ्या डोळ्यांपुढे तो चहाचा कप आला. १९६० च्या सहकार कायद्याचं कलम २३ तोवर मला पाठ झालं होतं. पुरेसं कारण असल्याशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, आणि नाकारलं तर निबंधकाकडे अपील. मी ठरावाची वही पुढे सरकवली आणि म्हटलं, "नाकारा. पण इथे कारण लिहा. खाली सही करा."

पेन टेबलावर पडून राहिलं. कोणी उचललं नाही.

मास्तर आज आमच्या दुसऱ्या मजल्यावर राहतात. पोरांनो, मोर्चे काढाच, पण जिथे जाल तिथे वही मागायला शिका. दुसऱ्याची मागा, आणि आपलीही.

जय भीम.