हिरवा, नारिंगी, तांबडा : स्वयंचलित चाचणीच्या विश्वासार्हतेचा इतिहास

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या इतिहासात यंत्राकरवी चाचणी केव्हा सुरू झाली, यापेक्षा तिच्या निकालावर विसंबून राहणे कितपत शक्य झाले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. मोझिला प्रकल्पाच्या वाटचालीवरून त्याचे स्वरूप स्पष्ट होते.

नेटस्केप कंपनीने ३१ मार्च १९९८ रोजी आपल्या ब्राउझरचा मूळ कोड सर्वांस खुला केला. या कोडची बांधणी अनेक यंत्रांवर अखंड चाले, आणि 'टिंडरबॉक्स' नावाची व्यवस्था तिचे निकाल रंगांनी दाखवी. हिरवा रंग म्हणजे यश, तांबडा म्हणजे फसलेली बांधणी, आणि नारिंगी म्हणजे बांधणी झाली परंतु चाचणी फसली. या फलकावर लक्ष ठेवणाऱ्यास 'शेरिफ' म्हणत.

पुढे चाचण्यांची संख्या वाढली, तसा नारिंगी रंगाचा अर्थ संदिग्ध होऊ लागला. कोडमध्ये काहीही बदल नसता तीच चाचणी एकदा उत्तीर्ण होई व एकदा फसे. समांतर चालणाऱ्या धाग्यांचा अनिश्चित क्रम, अपुरी कालमर्यादा, आधीच्या चाचणीचे उरलेले अवशेष ही त्याची प्रमुख कारणे होत. हजार स्वतंत्र चाचण्यांपैकी प्रत्येक हजारांत एकदाच अकारण फसते असे मानले, तरी सुमारे ६३ टक्के फेऱ्यांत निदान एक खोटे अपयश दिसणारच. अशा अपयशांची नोंद करून 'हे परिचित आहे' असा शेरा मारण्याचा प्रघात पडला. तथापि परिचित खुणेच्या आड खरा दोषही लपू शकतो. येथेच चाचणीचे प्रयोजन धोक्यात येते.

यावर दोन दिशांनी उपाय झाले. मोझिलाच्याच आश्रयाने वाढलेल्या 'रस्ट' भाषेच्या प्रकल्पात 'बॉर्स' हे यंत्र प्रत्येक बदल मुख्य शाखेशी जुळवून आधी तपासी, आणि सर्व चाचण्या उत्तीर्ण झाल्यावरच शाखा पुढे नेई. या पद्धतीमागील नियम रस्टचे जनक ग्रेडन होअर यांनी २०१४ साली शब्दबद्ध केला. तो जुनाच असल्याचेही त्यांनी नमूद केले. मात्र खोट्या अपयशाने आता सर्वांचीच रांग अडे, म्हणून पुनर्प्रयत्नाची आज्ञाही ठेवावी लागली.

दुसरा उपाय मुळाशी जाणारा होता. मोझिलात घडलेले 'आरआर' हे साधन २०१४ साली प्रसिद्ध झाले. ते चाचणीची एक संपूर्ण फेरी नोंदवून ठेवते व तीच हुबेहूब पुन्हा चालवते. त्यामुळे क्वचित घडणारे अपयशही हवे तितक्या वेळा अभ्यासता येते. २०१६ साली त्यात धाग्यांचा क्रम मुद्दाम विस्कटणारी रीत आली, कारण एरवी काही दोष नोंदीच्या वेळी प्रकटच होत नसत.

पुनर्प्रयत्नाने रांग मोकळी होते, पण नारिंगीचा अर्थ संदिग्धच राहतो. अपयशाचे कारण सापडले, तरच त्या रंगाला त्याचा मूळ अर्थ परत मिळतो.