नवजात चाळणी तपासणी : किहीम व रायगड किनारा

नवजात चाळणी तपासणी म्हणजे जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत, आजाराचे एकही लक्षण दिसण्याआधी, बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्तावर होणारी चाचणी. वरून निरोगी दिसणाऱ्या बाळांतून जन्मजात चयापचयाचे, अंतःस्रावांचे किंवा रक्ताचे दोष असलेली बाळे वेळीच हुडकून काढणे हा तिचा हेतू असतो. यांतले बहुतेक आजार विरळ आहेत. काही, उदाहरणार्थ जन्मजात थायरॉइडन्यूनता, समजतात तेवढे विरळ नाहीत. ही तपासणी सर्व बाळांना सारखी मिळते का, हा प्रश्न येथे अलिबाग तालुक्यातील किहीम आणि त्याच्या आसपासचा किनारा डोळ्यांसमोर ठेवून मांडला आहे.

पूर्वपीठिका. नॉर्वेतील वैद्य आस्ब्यर्न फोलिंग यांनी १९३४ मध्ये फिनाइलकीटोन्यूरिया हा आजार ओळखला. आहारातील एक घटक पचवता न आल्याने मेंदूची हानी होणारा हा आजार वेळीच पथ्य सुरू केल्यास आटोक्यात राहतो. १९६०च्या सुमारास अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी टीपकागदावर वाळवलेल्या रक्ताच्या ठिपक्यावरून तो ओळखण्याची स्वस्त रीत काढली, आणि तेथून सामूहिक तपासणी शक्य झाली. १९९०च्या दशकात टँडम मास स्पेक्ट्रोमेट्री आल्यावर एकाच ठिपक्यातून डझनावारी दोष कळू लागले. यादी लांबली तसा खर्चही वाढला, आणि कोणाला काय मिळते यातला फरक अधिक ठळक झाला.

भारतातील स्थिती. सर्व नवजातांची रक्ततपासणी करणारा सार्वत्रिक राष्ट्रीय कार्यक्रम भारतात नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे, म्हणजे कोकणातच, सुरू झाला. प्रसूतिस्थळी त्यात मुख्यतः डोळ्यांना दिसणारे जन्मदोष पाहिले जातात: फाटलेला ओठ, वाकडे पाऊल, पाठीवरची गाठ. थायरॉइडन्यूनता, सिकलसेल आणि थॅलेसेमिया यादीत आहेत, पण त्यांची तपासणी राज्याच्या इच्छेवर आणि ऐपतीवर सोडलेली आहे. २०११च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी नवजाताच्या चाचण्या आणि औषधे मोफत आहेत. अडचण नेमकी येथेच आहे. चाळणीची गरज ज्याला सर्वांत जास्त, ते बाळ त्या दिवशी कोणाच्याही नजरेला आजारी दिसत नाही.

गोव्याने २००८ मध्ये सरकारी खर्चाने नवजात तपासणी सुरू करून वेगळा रस्ता दाखवला होता. तो प्रयोग सलग टिकला नाही. केंद्राच्या ‘उम्मीद’ उपक्रमाने २०१९ पासून आनुवंशिक आजारांसाठी आकांक्षित जिल्ह्यांवर भर दिला. महाराष्ट्रातले असे जिल्हे नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि धाराशिव. रायगड त्यांत नाही. कारखाने, बंदरे आणि समुद्रकाठचे बंगले यांमुळे जिल्ह्याची सरासरी बरी दिसते, आणि त्या सरासरीखाली डोंगरकडेच्या कातकरी व ठाकर वाड्या झाकल्या जातात.

थायरॉइडन्यूनतेचा दाखला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबईसह पाच शहरांत एक लाखाहून अधिक नवजात बाळे तपासली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दर १,१३० बाळांमागे एकाला जन्मजात थायरॉइडन्यूनता आढळली. जगात इतरत्र सामान्यतः दोन ते चार हजारांत एक असे प्रमाण सांगितले जाते. असे बाळ शांत असते, फारसे रडत नाही, दूध पितानाच झोपी जाते. घरात त्याचे कौतुक होते, ‘किती गुणी आहे हो!’ कावीळ रेंगाळते, शौचाला खडा होतो, बेंबी जराशी पुढे येते, पण एवढ्यावरून कोणी घाबरत नाही. लक्षणे स्पष्ट होईपर्यंत मेंदूच्या वाढीचे मोलाचे महिने निघून गेलेले असतात. उपचार काय, तर थायरॉक्सिनची स्वस्त गोळी, चुरून आईच्या दुधात कालवून रोज द्यायची. ती दोन आठवड्यांच्या आत सुरू व्हावी लागते. म्हणजे साधारण बारशापर्यंत निकाल घरी पोहोचला पाहिजे. बाकी सगळी यंत्रणा या एका मुदतीवरून पारखावी.

किहीमहून प्रयोगशाळेपर्यंत. रक्त साधारणपणे २४ ते ७२ तासांच्या दरम्यान घेतात. टाच कोमट कपड्याने शेकायची, कडेला टोचायचे, पहिला थेंब पुसून टाकायचा, दुसरा कागदावरच्या वर्तुळाला असा लावायचा की तो पलीकडे झिरपेल. मग कार्ड आडवे ठेवून तीन-चार तास उन्हाबाहेर वाळवायचे. मुंबईच्या वातानुकूलित खोलीत हे सहज होते. जूनमध्ये किहीमला मिठाला पाणी सुटते, तशा हवेत कार्ड नीट वाळत नाही, आणि दमट राहिलेल्या ठिपक्यात काही विकरे नष्ट होऊन निकाल चुकतो. सिलिका जेलची पुडी आणि हवाबंद पिशवी या दोन किरकोळ वस्तू इथे यंत्राइतक्याच महत्त्वाच्या ठरतात.

अलिबागचे जिल्हा रुग्णालय किहीमपासून दहा-बारा किलोमीटरवर आहे. विरळ आजारांसाठी केंद्राने नेमलेले उत्कृष्टता केंद्र, परळचे केईएम रुग्णालय, खाडीपलीकडे. मांडव्याहून बोटीने जवळ. पावसाळ्यात गेटवेच्या लाँचा बंद होतात. मग रो-रो, आणि तीही नसेल तर पोयनाड, वडखळ, पेण असा रस्ता. कार्ड टपालाने जाते, त्याला अंतराचे फार नाही. अडते ते परतीच्या वाटेवर. बाळाला तेव्हा नाव नसते. कार्डावर ‘अमुकचे बाळ’ एवढेच असते. आई माहेरी बाळंत झालेली, नाव सासरचे, फोन नवऱ्याचा, नवरा मुंबईला कामावर. संशयास्पद निकाल आला तर दुसरा नमुना घ्यायला नक्की कोणाच्या दारी जायचे? आशा कार्यकर्तीच्या ठरलेल्या गृहभेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी असतात. निकाल तिच्या हाती थेट पडला, तर दार शोधण्याचा प्रश्न उरत नाही. न्याय्य वाटप म्हणजे कार्डांचे वाटप नव्हे, हा परतीचा निरोप प्रत्येक घरी पोहोचणे होय, असे या नोंदीचे मत आहे.

खासगी प्रसूतिगृहांत काही हजार रुपये भरणाऱ्याला पन्नासच्या घरात आजारांची तपासणी मिळते, तर वाडीवरच्या बाळाला एकाचीही मिळेल याची खात्री नसते. लांब यादी थोड्यांना देण्यापेक्षा थायरॉइडन्यूनता, अधिवृक्क ग्रंथीचा जन्मजात दोष आणि सिकलसेल एवढी छोटी यादी आधी सर्वांना द्यावी, हे अधिक रास्त आहे.

महाग उपचारांचा प्रश्न. २०२१ मध्ये मुंबईतील एका बाळाच्या स्नायूंच्या आजारावरील जनुकीय औषधासाठी सुमारे १६ कोटी रुपये लोकवर्गणीतून उभे राहिले. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय विरळ आजार धोरणाने आजारांचे तीन गट केले; मदतीची मर्यादा २०२२ मध्ये ५० लाखांपर्यंत वाढली. तिसऱ्या गटातील आजन्म, अतिमहाग उपचारांना ही रक्कम पुरत नाही. ज्याचा उपचार देता येणार नाही तो आजार शोधावा का, असा आक्षेप यावर घेतला जातो. पुढच्या गरोदरपणात धोका कळावा, हा कुटुंबाचा हक्क त्याला पुरेसे उत्तर आहे: अप्रभावी जनुकांमुळे होणाऱ्या आजारांत प्रत्येक पुढच्या बाळाला चारात एक शक्यता असते.

किहीमकर. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आलेल्या पूर्वजांची कथा सांगणाऱ्या बेने इस्रायल समाजाने गावांवरून आडनावे घेतली. समाजाचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युअल किहीमकर त्यांपैकीच. १९४८ नंतर समाजातील बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. तेथे प्रत्येक नवजाताची तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमात विनामूल्य होते. हे गाव ज्यांच्या आडनावात आहे त्यांच्या बाळांना जे सहज मिळते, ते गावातच जन्मणाऱ्या बाळाला मिळू नये, याला कोणतेही वैद्यकीय कारण नाही.

पाठपुरावा. थायरॉइडन्यूनतेचे निदान पक्के करण्यासाठी अनेक मुलांत तिसऱ्या वर्षानंतर गोळी काही आठवडे थांबवून पुन्हा रक्त तपासतात, कारण काहींचा दोष तात्पुरता असतो. तोवर गोळ्यांचा पुरवठा आणि ठरावीक काळाने रक्ततपासणी चालू ठेवावी लागते. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. अशा बाळाची नोंद वाडीच्या उपकेंद्रात असून भागत नाही; भट्टी ज्या गावात आहे तेथल्या आरोग्य केंद्रातही ती मिळाली पाहिजे, आणि निघताना आईच्या हाती निदान सहा महिन्यांच्या गोळ्या आणि मात्रा लिहिलेला कागद असला पाहिजे.