साहेबांचा अंगरक्षक व्हायचंय? आधी ही माहिती वाचा, मगच कुणाला पैसे द्या

तालुक्याला मंत्री आले की पोरांचं लक्ष मंत्र्यांपेक्षा त्यांच्या मागं उभ्या असलेल्या माणसाकडं जास्त जातं. सफारी, कानात वायर, कमरेला पिस्तूल. "आपल्याला पण तिथंच लागायचं," असं म्हणणारी पोरं प्रत्येक गावात आहेत. आणि "डायरेक्ट व्हीआयपी सिक्युरिटीत लावतो, एवढे लाख तयार ठेव" असं सांगणारे एजंटही आहेत. म्हणून ही नोकरी नक्की काय असते आणि तिचा खरा रस्ता कोणता, ते एका ठिकाणी देत आहोत.

थेट भरती असते का?

नाही. मंत्री, न्यायाधीश, जिल्हाधिकारी यांच्यासोबत दिसणारा सरकारी अंगरक्षक हा आधी पोलीस किंवा निमलष्करी दलाचा जवान असतो. भरती त्या दलात होते. सुरक्षेची ड्युटी नंतर वरिष्ठांच्या आदेशानं मिळते. पंतप्रधानांची सुरक्षा पाहणारी एसपीजीसुद्धा गावातून थेट शिपाई भरत नाही. तिथले जवान केंद्रीय दलं आणि पोलिसांतून निवडून प्रतिनियुक्तीवर घेतले जातात. त्यामुळे "एसपीजीत डायरेक्ट" म्हणणारा माणूस खोटं बोलतोय, हे पक्कं समजा.

कोण कुणाची सुरक्षा करतं?

- पंतप्रधान: एसपीजी. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधींची हत्या त्यांच्याच सुरक्षेतल्या दोघांनी केली. त्यानंतर १९८५ मध्ये हे पथक उभं राहिलं आणि १९८८ मध्ये त्याचा कायदा झाला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पंतप्रधान, त्यांच्या सरकारी निवासस्थानी राहणारे जवळचे कुटुंबीय आणि पद सोडल्यावर पाच वर्षांपर्यंत माजी पंतप्रधान व त्यांना मिळालेल्या निवासस्थानी राहणारे त्यांचे जवळचे कुटुंबीय एवढ्यांनाच ही सुरक्षा आहे.
- केंद्राचं संरक्षण असलेल्या इतर व्यक्ती: मुख्यतः सीआरपीएफ आणि सीआयएसएफ.
- राज्यातले मंत्री व अधिकारी: राज्य पोलीस. जिल्ह्यातला अंगरक्षक बहुतेक वेळा जिल्हा पोलीस दलातला शिपाई किंवा हवालदारच असतो.

एक्स, वाय, झेड, झेड प्लस या श्रेणी धोका किती आहे ते पाहून ठरतात. एक्स सगळ्यात कमी, झेड प्लस त्यातली सगळ्यात वरची. धोका कमी झाला की सुरक्षा कमीही होते. पद मोठं म्हणून आपोआप मोठी श्रेणी मिळते असं नाही.

रस्ता पहिला: महाराष्ट्र पोलीस भरती

- शिक्षण: बारावी पास.
- वय: १८ ते २८. मागासवर्गीयांना ३३ पर्यंत.
- उंची: पुरुष १६५ सेंमी, महिला १५५ सेंमी. पुरुषांची छाती न फुगवता ७९ सेंमी आणि फुगवून ५ सेंमी जास्त.
- मैदानी: ५० गुण. पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८०० मीटर धावणं. शिवाय दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक.
- लेखी: १०० गुण. अंकगणित, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, बुद्धिमत्ता चाचणी आणि मराठी व्याकरण.

मैदानीत निम्मे गुण पडले नाहीत तर लेखीला बसता येत नाही. एसआरपीएफसाठी पुरुषांना १६८ सेंमी उंची आणि ५ किलोमीटर धावणं लागतं. गाडी चालवता येत असेल तर चालक शिपायाची भरती वेगळी निघते. ताफ्यातल्या सरकारी गाड्यांनाही ड्रायव्हर लागतातच.

रस्ता दुसरा: एसएससी जीडी

सीआरपीएफ, सीआयएसएफ, बीएसएफ वगैरे दलांसाठी ही एकच परीक्षा असते. दहावी पास, वय १८ ते २३, राखीव प्रवर्गांना सवलत. उंची साधारणपणे पुरुष १७० आणि महिला १५७ सेंमी. पुरुषांना ५ किलोमीटर २४ मिनिटांत, महिलांना १.६ किलोमीटर साडेआठ मिनिटांत. २०२४ पासून हा पेपर मराठीतूनही देता येतो, हे आपल्याकडं अजून बऱ्याच पोरांना माहीत नाही.

नियम बदलत असतात. शेवटचा शब्द त्या वर्षीच्या जाहिरातीचा.

काम नक्की काय असतं?

बाहेरून रुबाब दिसतो, आत उभं राहणं असतं. साहेबांचं भाषण सुरू असताना सगळा मंडप स्टेजकडं बघतो, अंगरक्षकानं मात्र गर्दीकडं बघायचं असतं. कुणाचे हात खिशात आहेत, कोण उगाच पुढं सरकतोय, हार घेऊन येणारा माणूस ओळखीचा आहे का. कार्यक्रमाआधी जागेची पाहणी होते, रस्ता ठरतो, बॉम्बशोधक पथक मंडप तपासतं. रोज काहीच घडत नाही, आणि काही न घडणं हेच या कामाचं यश.

घडतं तेव्हा काय होतं ते २१ मे १९९१ ला श्रीपेरंबुदूरला दिसलं. हार घालायच्या निमित्तानं हल्लेखोर बाई राजीव गांधींपर्यंत पोचली. स्फोटात त्यांच्यासोबत त्यांचा अंगरक्षक आणि बंदोबस्तावरचे पोलीसही गेले. पगार, पेन्शन आणि मान यांच्यासोबत ही जोखीमही येते. सणाला, लग्नाला, पोराच्या निकालाला घरी असाल याची खात्री नाही. घरच्यांशी हे आधीच बोलून घ्या.

महिला पोलिसांनाही या ड्युट्या मिळतात. महिलांची झडती महिला पोलीसच घेतात, त्यामुळे प्रत्येक मोठ्या बंदोबस्तात त्या लागतातच.

भरतीनंतर सुरक्षेची ड्युटी कशी मिळेल?

तब्येत, नेमबाजी आणि स्वच्छ रेकॉर्ड या तीन गोष्टी सांभाळा. चौथी गोष्ट म्हणजे तोंड बंद ठेवता येणं. साहेब कुठं गेले, कुणाला भेटले, हे पारावर सांगणारा आणि ड्युटीचे रील टाकणारा माणूस या कामाचा नाही.

एजंट भेटला तर

- सरकारी भरतीत अर्जाचं ठरलेलं शुल्क सोडून एक रुपयाही लागत नाही. मागच्या पोलीस भरतीत ते खुल्या प्रवर्गाला ४५० आणि मागासवर्गीयांना ३५० रुपये होतं.
- व्हॉट्सअॅपवर आलेलं नियुक्तीपत्र म्हणजे नोकरी नव्हे. ते घेऊन पोलीस अधीक्षक कार्यालयात जा आणि विचारा.
- मूळ कागदपत्रं कुणाच्याही ताब्यात देऊ नका.
- ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा. रोख दिले असतील तर पोलीस ठाण्यात तक्रार द्या. लाज वाटून गप्प बसलात तर तोच माणूस शेजारच्या गावात जातो.

रान विकून एजंटला द्यायच्या पैशांपेक्षा पहाटे पाचला मैदानावर काढलेलं एक वर्ष स्वस्त पडतं. त्या वर्षाची वर्दी कुणी काढूनही घेत नाही.