मातेची साखर आणि बालकाची बुद्धि

कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मुरबाड तालुक्यांत टोकावडे हें गांव लागतें. भातखाचरांत राबणाऱ्या तेथील गर्भवतीस मधुमेह होईल, ही कल्पना पूर्वी कोणास पटली नसती. तो स्वस्थ बसून गोडधोड खाणारांचा रोग, अशी समजूत होती. घाटापलीकडील पुणे जिल्ह्यांत या समजुतीस तडा गेला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवतींचा अभ्यास चालविला. तेथील बाळें इंग्लंडांतील बाळांहून पुष्कळ हलकीं, सरासरी २.७ किलोचीं, परंतु अंगची चरबी त्या मानानें कमी नव्हती. देह कृश दिसला म्हणून तो मधुमेहापासून सुरक्षित ठरत नाहीं, हें ध्यानांत आलें.

मधुमेही मातेच्या उदरांतील बालकाचें काय होतें, हा प्रश्न त्याहून जुना आहे. १९२२ सालीं टोरांटो येथें इन्सुलिन प्रथम रोग्यास टोचण्यांत आलें. तत्पूर्वी अशा गर्भारपणांत माता किंवा मूल पुष्कळदां दगावे. इन्सुलिनानें माता वाचूं लागल्या, तरी मुलांचें भय सरलें नाहीं. बोस्टनच्या डॉ. प्रिसिला व्हाइट यांनीं दक्ष देखरेखीनें तीही हानि पुष्कळ घटविली. १९५० च्या दशकांत कोपनहेगनच्या पेडरसन यांनीं कारण उलगडलें: आईची साखर वारेंतून गर्भाकडे जाते, तिचें इन्सुलिन मात्र जात नाहीं. म्हणून गर्भ स्वतःच अधिक इन्सुलिन तयार करतो व स्थूल होतो. नाळ तुटतांच आईकडील साखर बंद पडते आणि बाळाच्या रक्तांतील साखर एकाएकीं उतरते. मेंदूचें मुख्य इंधन साखरच असल्यानें ही वेळ जोखमीची.

मूल वाचलें, पण त्याची बुद्धि? १९९१ सालीं शिकागोच्या संशोधकांनीं एक वेगळीच गोष्ट निदर्शनास आणिली. उपासमारीनें वा इन्सुलिनाच्या उणिवेनें वाढणारीं कीटोन द्रव्यें ज्या मातांच्या रक्तांत अधिक होतीं, त्यांच्या मुलांस बुद्धिमापनांत कांहींसे कमी गुण मिळाले. उलट म्हैसूर येथील २०१० च्या अभ्यासांत मधुमेही मातांचीं नऊ-दहा वर्षांचीं मुलें मागें नव्हतीं. कांहीं कसोट्यांत पुढेंच होतीं. त्यांची संख्या अवघी ३२, हें खरें. तथापि आईचा मधुमेह हा मुलाच्या बुद्धीवरील शाप नव्हे, एवढें त्यावरून दिसतें.

या इतिहासाचा बोध घरोघर उपयोगी आहे. साखर वाढल्याचें कळतांच सुनेस अर्धपोटीं ठेवणें, किंवा तिनें चतुर्थी-एकादशीचे कडक उपास चालूंच ठेवणें हिताचें नव्हे. डॉक्टरांच्या सल्ल्यानें वेळच्या वेळीं बेताचें अन्न आणि लागल्यास इन्सुलिन, हाच खरा मार्ग. परंतु आधीं रोग कळावा लागतो. भारत सरकारनें २०१४ सालीं ठरविलेल्या पद्धतीप्रमाणें गर्भवतीस ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यांतून देऊन दोन तासांनीं रक्त तपासतात. १०० मिलिलिटरमागें साखर १४० मिलिग्रॅम किंवा अधिक भरली, तर मधुमेह समजतात. उपाशीपोटीं येण्याची अट नसल्यानें, टोकावड्याजवळच्या एखाद्या वाडीवरून न्याहारी करून पायीं आलेल्या बाईसही तपासणीवांचून माघारीं धाडण्याचें कारण उरत नाहीं.